शेजारच्या खोलीतली नणंद

माझ्या वहिनीशी बोलायचं असेल तर तिच्या उजव्या बाजूला बसायचं, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगून टाकते. डावा कान गेलाय तिचा. लोक विचारतात, जन्मापासून का हो? मी म्हणते, नाही, लग्नापासून. मग विचारतात, काही आजार वगैरे? मी म्हणते, हो, माझा भाऊ. एवढ्यावर माणसं मुकाट्याने कागद पुढे सरकवतात. हे असं तोंडावर सांगायला मी अलीकडेच शिकले, वयाची पन्नाशी उलटल्यावर.

आमचं दुकान लग्न नोंदणी कार्यालयाच्या बरोब्बर समोर. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं, आणि मध्ये दाबून बसवलेल्या आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वहिनीचं टेबल, त्यावर उठावाचा शिक्का मारायचं लोखंडी यंत्र, समोर दोन खुर्च्या, कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. आतल्या खोलीत झेरॉक्सचं धूड आणि चहाची शेगडी. वहिनी सरकारमान्य अनुवादक आहे, न्यायाधीशासमोर शपथ घेतलेली. तिचे वडील परदेशात एका कंपनीत ड्रायव्हर होते, त्यामुळे चौदा वर्षांची होईपर्यंत ती तिकडेच वाढली. तिकडची भाषा तिला अशी येते की स्वप्नात भांडलीच तर त्या भाषेत भांडत असेल.

लग्नाला दोन माणसं आणि एक पेन पुरतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा परदेशी माणसाशी लग्न करून बघावं. जन्माचा दाखला हवा. लग्नाला कायद्याची आडकाठी नाही असा त्याच्या देशाचा दाखला हवा, तोही तीन महिन्यांच्या आतला. एक दिवस वर झाला की चला परत, पहिल्यापासून. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा निकाल, तो अंतिम झाल्याच्या शेऱ्यासकट. त्यावर तिकडच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग वकिलातीचा, मग आमच्या वहिनीचा अनुवाद आणि तिचा शिक्का. एवढं करून दोघांपैकी एकाला आमची भाषा येत नसेल, तर लग्न लागताना शपथेवरचा दुभाषी खोलीत हजर हवा. नसेल तर ते लग्न कायद्याने लग्नच नाही.

दुभाष्याची शपथ मला पाठ आहे. या खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द, काही न गाळता, काही न घालता, दोन्ही पक्षांना कळवीन. आणि एक नियम असा की 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असलं बोलायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. एकदा एक नवरदेव भर समारंभात म्हणाला की मला संडासला जायचंय. वहिनीने लग्न लावणाऱ्या साहेबांकडे वळून, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता सांगितलं, "मला संडासला जायचं आहे." साहेबांनी घाईघाईने तिलाच दाराकडे बोट दाखवलं. आठवडाभर हसत होतो आम्ही दोघी.

हसायचो, भांडायचो, एका ताटात जेवायचो. एका गोष्टीबद्दल मात्र पंचवीस वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो.

माझा भाऊ वीज कंपनीत खांबांवर चढायचा. बाहेर विचाराल तर देवमाणूस. घरात पाऊल टाकलं की हात सुटायचा. दार उघडायला उशीर झाला म्हणून, लवकर उघडलं म्हणून, बोलली म्हणून, बोलली नाही म्हणून. एका रविवारी भर दुपारी त्याने वहिनीचं डोकं धरून दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी शेजारच्या खोलीत होते. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी खोकलं तरी अलीकडे कळावं. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि घालतच राहिले. घातलेल्या चादरी उलगडल्या आणि परत घातल्या. सगळं शांत झाल्यावर वहिनी बाहेर आली, कानातून रक्त मानेवर उतरलेलं. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "पडलीस का गं?" हे मी विचारलं. जीभ कशी झडली नाही माझी.

तीन वर्षांनी भाऊ खांबावरून पडून मेला. मी रडले. वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नाही. महिन्याभरात तिने जुनी पुस्तकं काढली, वर्षाच्या आत परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि मला म्हणाली, "तुला टायपिंग येतं ना? मग चल." तेव्हापासून आमची कामाची एकच रीत. वहिनी परक्या भाषेतला कागद समोर धरते आणि आमच्या भाषेत मोठ्याने बोलत जाते, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं सांगत. मी टाइप करते. मी काय टाइप करतेय याकडे माझं लक्षही नसतं. कान ते बोटं, मध्ये डोकं नाही.

हसऱ्या आला तो उन्हाळा संपता संपता. आम्हीच त्याला हे नाव ठेवलं, कारण त्याच्या तोंडावरचं हसू कधी उतरायचंच नाही. उंच, गोरा, धुतलेल्या शर्टाचा, बंदरावर क्रेन उभारणाऱ्या कंपनीत फोरमन. बरोबर चोवीस वर्षांची एक पोर, दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करणारी. ती त्याची दाढ काढायला मदत करत होती, तिथे म्हणे जमलं. तोंड उघडं ठेवून प्रेमात पडलेला हा पहिलाच पुरुष असणार. दोघांना एकमेकांच्या भाषेतले पन्नासेक शब्द येत होते, बाकीचं भाषांतर फोन करायचा. पोरीला आई नाही, बाप घड्याळं दुरुस्त करणारा, अंगाने एवढासा. लग्न गुरुवारी लागणार, रविवारी ती त्याच्याबरोबर त्याच्या देशात जाणार. त्याच्या दाखल्याची मुदत शुक्रवारी संपत होती.

"आधीचं लग्न झालंय त्यांचं, मला माहितीय," पोर मला म्हणाली. "बायको वेडसर होती, सोडून गेली. फार सोसलं हो त्यांनी."

घटस्फोटाच्या निकालाची अकरा पानं होती, लाल दोरीने ओवलेली, दोरीच्या टोकाला लाखेचा ठप्पा. हसऱ्याने पहिलं आणि शेवटचं पान दाखवून त्याच्या भाषेत काहीतरी गोड गोड सांगितलं. मधली नऊ नकोत, फक्त निकालाचं पान करा. वहिनी म्हणाली, कागद ओवलेला आहे, अनुवाद सगळ्याचा होतो, नाहीतर कार्यालय घेत नाही. तो हसला. साहेब फक्त शेवटच्या पानावरचा शेरा बघतात, मधलं कुणी वाचत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार, आणि ते खरंही होतं. त्याने कागद ठेवले आणि गेला. आपल्याकडे एक बाई वाचते आणि दुसरी ऐकते, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

त्या दुपारी आम्ही बसलो. वहिनी बोलत होती, मी बडवत होते.

"वादीचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला असल्याचे वैद्यकीय अहवालावरून सिद्ध होते, पूर्णविराम. प्रतिवादीने, म्हणजे पतीने, वादीची तीन बोटे गाडीच्या दारात धरून दार बंद केले, पूर्णविराम. वादी सहा महिन्यांची गरोदर असताना तिला जिन्यावरून ढकलण्यात आले, स्वल्पविराम, त्यात मूल दगावले, पूर्णविराम."

माझ्या बोटांची गती कमी झाली. वहिनीचा आवाज तसाच, वाण्याची यादी वाचावी तसा. नववं पान उलटलं.

"प्रतिवादीची बहीण त्याच घरात राहत असून घटनेच्या वेळी शेजारच्या खोलीत होती, पूर्णविराम. तिने शपथेवर सांगितले की तिने काहीही ऐकले नाही, पूर्णविराम. न्यायालय हा जबाब विश्वासार्ह मानत नाही, पूर्णविराम."

माझे हात थांबले. वहिनी कागदावरून मान वर न करता वाट बघत राहिली. मग म्हणाली, "लिहिलंस?"

"लिहिते."

"न्यायालय हा जबाब विश्वासार्ह मानत नाही," ती पुन्हा म्हणाली, तितक्याच सावकाश. मी ते वाक्य टाइप केलं. चार चुका झाल्या, चारही दुरुस्त केल्या.

काम संपल्यावर मी उसळले. म्हटलं, "वहिनी, फोन कर त्या पोरीला. आत्ताच्या आत्ता. हा मुडदा तिला जिवंत ठेवायचा नाही."

"कागदातलं बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ आहे माझी."

"खड्ड्यात गेली तुझी शपथ!"

"शपथ खड्ड्यात गेली की परवाना जातो. आणि फोनवर सांगितलंस तर ती विश्वास ठेवेल? तो म्हणेल, या बायका खोटारड्या, आणि दुसऱ्या गावी नेऊन लग्न लावेल." वहिनीने चष्मा काढून डोळे चोळले. "सातवा मुद्दा आहे ना. मी विचारणार."

समारंभाच्या छापील कागदावर हा सातवा मुद्दा आहे खरा. एका पक्षाने दिलेले कागद दुसऱ्या पक्षाला वाचून हवे आहेत का, हे दुभाष्याने विचारायचं. हवेत म्हटलं की सगळे वाचायचे, पहिल्या ओळीपासून. कधी कुणी हवेत म्हणत नाही, म्हणून साहेब तो मुद्दा गाळूनच पुढे जातात. वीस वर्षांत मी तो एकदाही विचारलेला ऐकला नव्हता.

मंगळवारी दुपारी हसऱ्या अनुवाद न्यायला आला, एकटाच. मी आत झेरॉक्सला होते. समारंभाच्या छापील कागदाचा अनुवादही पाकिटात होता, तो चाळत त्याने सातव्यावर बोट ठेवलं असावं, कारण वहिनीचा आवाज आला. मला कळावं म्हणून तिने मुद्दाम आमच्या भाषेत परत म्हटलं, "विचारणं माझं काम आहे." मग पुढच्या दाराची कडी लागल्याचा आवाज. मग टेबलाचा खण ओढल्याचा. मग धाडकन तो खण बंद झाला आणि वहिनी किंचाळली.

मी आतल्या खोलीत होते. पुन्हा शेजारच्याच खोलीत. खोटं कशाला सांगू, मी लगेच गेले नाही. झेरॉक्समधून कागद बाहेर पडत होते ते मी बघत राहिले. खण पुन्हा उघडला, पुन्हा धाडकन बंद झाला. वहिनीच्या तोंडून या वेळी आवाजच फुटला नाही, आणि ते मला ऐकवलं नाही. मी बाहेर धावले. वहिनीचा डावा हात खणात, त्याचा गुडघा खणावर, आणि तोंडावर तेच हसू. टेबलावरचं शिक्क्याचं लोखंडी यंत्र मी दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या कानामागे घातलं. तो भेलकांडला. मी परत उगारलं तेवढ्यात त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. दाताचा तुकडा मी गिळला की थुंकला, देव जाणे. पडल्यावर त्याने बरगडीत एक लाथ घातली, अगदी सावकाश, दार लोटावं तशी. मग कॉलर सारखी केली, रुमालाने कानामागचं रक्त टिपलं, अनुवादाचं पाकीट उचललं आणि आमच्या भाषेत म्हणाला, "गुरुवार. सात नाही." त्या पोरीनेच शिकवले असणार ते शब्द.

"पोलिसात चल," मी रक्त थुंकत म्हणाले.

"गुरुवारी. लग्नानंतर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"आज गेलो तर तो उद्या जामिनावर सुटेल. तिला सांगेल, दोन म्हाताऱ्यांनी पैशासाठी कांगावा केला." वहिनीची दोन बोटं जांभळी होऊन सुजली होती, आणि ती शांतपणे बोलत होती. "या भाषेचा शपथेवरचा दुभाषी गावात दुसरा नाही. दाखला शुक्रवारी संपतो. त्याला मी हवीच आहे. मला त्या खोलीत असू दे."

गुरुवारी अकरा वाजता आम्ही त्या खोलीत होतो. लांब टेबल, निळं कापड, प्लॅस्टिकची फुलं, सर्दी झालेले साहेब. वहिनीची दोन बोटं पट्टीत. माझा गाल फुगून डोळा अर्धा मिटलेला. मी नेहमीप्रमाणे फाईल घेऊन दाराजवळच्या बाकावर बसले. पोर धावत आली, "मावशी, हे काय झालं?" वहिनीने नजरेनेच मला दटावलं. मी म्हणाले, "पडले." हसऱ्याच्या कानामागे चिकटपट्टी होती. तोही म्हणे कामावर पडला होता. गावात सगळेच पडत होते.

साक्षीदार दोन. पोरीकडून तिचा घड्याळवाला बाप. हसऱ्याकडून त्याची बहीण, आदल्या दिवशी विमानाने आलेली, चाळिशीची, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. भावाने खुर्ची सरकवली तरी दचकत होती. नववं पान समोर येऊन बसलं होतं.

साहेब नाक पुसत भराभर मुद्दे वाचत गेले. सहा झाले आणि ते आठाकडे वळले.

"सातवा राहिला, साहेब," वहिनी म्हणाली. साहेबांनी त्रासून हात हलवला, विचारा. हसऱ्याचं हसू हललं नाही, पण बोटं टेबलावर आवळली. वहिनी पोरीकडे वळली आणि एक एक शब्द सुटा करून म्हणाली, "यांनी दिलेले सगळे कागद तुम्हाला वाचून हवेत का? तुमचा हक्क आहे. नीट विचार करा."

पोरीने हसऱ्याकडे बघितलं. लाजली. "नको," ती म्हणाली. "माझा विश्वास आहे."

झालं. खेळ खलास. वहिनीने ते त्याच्या भाषेत सांगितलं, 'माझा विश्वास आहे', आणि वीस वर्षांत पहिल्यांदा भाषांतर करताना तिचा आवाज फाटला. तिच्या हातात होतं ते तिने केलं होतं. आता तिचं तोंड शपथेने बांधलेलं. पोरीने पेनचं टोपण काढलं.

"कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी," साहेब कागद पुढे ढकलत म्हणाले, नेहमी म्हणतात तसं, कुणाकडेही न बघता.

"माझी आहे," मी म्हणाले.

मी उभी होते. कधी उठले, मला माहीत नाही.

"तुमची? तुम्ही फाईल आणणाऱ्या ना?" साहेबांनी रुमाल खाली घेतला. "कारण काय? वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, वेड. चारच कारणं चालतात."

"माझं कारण पाचवं आहे. माझ्या भावाने माझ्या या वहिनीचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तिचा कान फुटला. मी शेजारच्या खोलीत होते. मी सगळं ऐकत होते. मी गेले नाही. वर मी तिला विचारलं, पडलीस का."

खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द. वहिनी हसऱ्याकडे आणि त्याच्या बहिणीकडे वळली आणि सांगायला लागली. त्यांची भाषा मला येत नाही, पण त्यातला 'मी' मला ओळखता येतो, हजार वेळा ऐकलाय. वहिनी माझ्या वाटचं बोलत होती. मी शेजारच्या खोलीत होते. मी ऐकत होते. मी गेले नाही. जिचा कान फुटला तिच्याच तोंडून. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हसऱ्या काहीतरी गुरगुरला. वहिनीने इमानदारीत सांगितलं, "ही बाई वेडी आहे, हिला बाहेर काढा."

"हे कारण कायद्यात बसत नाही," साहेब म्हणाले. "हरकत फेटाळली. बसा खाली."

"फेटाळा. एक प्रश्न विचारते आणि बसते." मी त्या बहिणीसमोर गेले. हा प्रश्न कागदातून आला हे मला कळत होतं, वहिनीलाही कळत होतं. परवान्याच्या चौकटीला वहिनी रोज सकाळी फडकं मारते, तेही आठवलं. तरी विचारलं. "बाई, तुम्हीही नणंद आहात. तुमची पहिली वहिनी मार खात होती तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत काय ऐकलंत?"

वहिनी थांबू शकली असती. मला येत नाही, ऐकू आलं नाही, काहीही म्हणता आलं असतं. तिने तो प्रश्न शब्दाला शब्द विचारला.

बहिणीने भावाकडे बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, मग एकच शब्द बोलली.

"सगळं," वहिनी म्हणाली.

त्याची मूठ कधी उठली ते कुणाला दिसलंच नाही. बहीण खुर्चीसकट मागे कोसळली, डोकं भिंतीच्या कडेवर आपटलं, तो आवाज मला ओळखीचा होता. तो टेबल ओलांडून तिच्यावर गेला आणि पोटात लाथा घालत सुटला, एक, दोन, तीन, दात-ओठ खात. साहेब घंटी दाबत ओरडत होते. घड्याळवाला बाप, तो एवढासा माणूस, मागून त्याच्या गळ्याला लटकला आणि भिंतीवर फेकला गेला. पोर "नका, नका" म्हणत हसऱ्याचा हात धरायला गेली तर त्याने तिचे केस मुठीत धरले आणि मान मागे खेचली. तिच्या डोळ्यांसमोर, साहेबांसमोर, सहीच्या आधी. शिपाई आणि दोन चौकीदार धावत आले, तिघांनी मिळून त्याला फरशीवर दाबला.

बहीण भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटून रक्त त्या गळ्यापर्यंतच्या बटणांवर ओघळत होतं. ती पोरीकडे बघून बोलायला लागली. वहिनी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि सांगत गेली. दोघींचे आवाज एकापाठोपाठ एक येत होते.

"पहिलीच्या लग्नातही साक्षीदाराची सही मीच केली होती. तेव्हाही मला माहीत होतं. तो आमच्या आईला मारायचा. बायको आली तर तो घराबाहेर राहायला जाईल, असं मला वाटलं होतं. आज त्याने बोलावलं म्हणून मी आले. सही करणार होते."

पोरीने पेनचं टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि बापाला उठवून बाहेर गेली. शुक्रवारी दाखल्याची मुदत संपली तेव्हा तो माणूस कोठडीत होता. वहिनीविरुद्ध तक्रार झालीच. कागदातली माहिती फोडल्याबद्दल परवाना सहा महिने बंद. चौकशीत तिने माझं नाव पुढे केलं नाही. "माझ्या दुकानातून फुटली, जबाबदार मी," एवढंच म्हणाली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही जबाब द्यायला निघालो तेव्हा जिन्यावर पोर उभी होती. केस विस्कटलेले, डोळे कोरडे. मला वाटलं, आभार मानेल.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही आज माझ्यासाठी उभ्या राहिलात. मी तुमची कोण? मग तेव्हा यांच्यासाठी का नाही गेलात?"

पंचवीस वर्षं वहिनीने हे विचारलं नव्हतं. या कालच्या पोरीने विचारलं. वहिनीने चांगल्या हाताने माझा दंड धरला होता, बरगडीच्या कळेने मी वाकले होते म्हणून. मी खोटं बोलू शकले असते. भीती वाटली म्हणाले असते, लहान होते म्हणाले असते.

"तिला मारत असायचा, तेवढा वेळ तो मला मारत नसे," मी म्हणाले.

वहिनी थांबली. "तुलाही मारायचा?"

"तू येईपर्यंत. रोज." आता तोंड उघडलंच होतं, मग सगळंच सांगितलं. "त्याच्या लग्नाची घाई मीच केली, वहिनी. तुझं स्थळ मीच शोधलं होतं."

वहिनीने माझा दंड सोडला. ती पायऱ्या उतरायला लागली, मीही कठड्याला धरून मागोमाग उतरले. पोलीस चौकी येईपर्यंत ती एकदाही थांबली नाही, आणि तू येऊ नकोस, असंही म्हणाली नाही.